वजन तेवढंच, इन्सुलिन निम्मं, मग बाबांचे दंड का सुकले?

ताई, तुम्ही लिहिलंय की बाबांना वीस वर्षांचा मधुमेह आहे, आठवड्याला तीन डायलिसिस. इन्सुलिन निम्म्यावर आलंय, क्रिएटिनिन (रक्तात साचणारा कचरा) उतरलंय, वजन हललेलं नाही, तरी सोप्यावरून उठताना हात द्यावा लागतो. आमच्याकडे फोंड्याला माझ्या यजमानांचंही बरीच वर्षं हेच चाललंय, म्हणून सांगते: या तिन्ही बातम्यांवर लगेच खूश होऊ नका.

टोचलेलं इन्सुलिन निकालात काढण्याचं बरंच काम मूत्रपिंडं करतात. ती थकली की तेच इन्सुलिन जास्त वेळ टिकतं, त्यात जेवण घटलं की साखर आणखी उतरते. एचबीए१सीवरही, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीवरही, फार विसंबू नका. डायलिसिसवर तांबड्या पेशी लवकर मरतात, शिवाय रक्तवाढीची इंजेक्शनं चालू असतात, त्यामुळे आकडा फसवा कमी येतो. क्रिएटिनिन तर स्नायूंतूनच येतं. डायलिसिस तेवढंच असून ते महिन्यागणिक उतरत असेल, तर बहुधा अंगावरचं मांस उतरतंय. आणि गेलेल्या मांसाची जागा पाण्यानं भरली की काट्याला काहीच कळत नाही. ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, नव्यानं ठरवायला सांगा, नाहीतर बीपी चढतं, रात्री आडवं झालं की दम लागतो.

घरच्या घरी बघायचं तर बाबांना अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवून दाबायला सांगा. त्या दोहोंमध्ये मांसाचा उंचवटा यायला हवा. तिथे सपाट किंवा खळगा असेल तर समजा, मांस उतरलंय. कानशिलंही खोल गेलीत का बघा.

मधुमेहात हे जास्त होतं, कारण इन्सुलिन नुसतं साखरेसाठी नसतं, स्नायूंची मोडतोडही तेच रोखून धरतं. त्याचा असर कमी झाला की मोड सुरू होते आणि रक्तातलं वाढलेलं आम्ल तिला हातभार लावतं. वर प्रत्येक हिमोडायलिसिसला सहा ते बारा ग्रॅम अमिनो आम्लं पाण्याबरोबर वाहून जातात. जुन्या मधुमेहात जठरही मंदावतं. दोन घासांत पोट भरलं म्हणतात, ते नखरे नव्हेत. डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध असतं. थोडं थोडं, पाच-सहा वेळा द्या.

आता मुख्य मुद्दा. 'डाळ बंद, नुस्ते (मासे) बंद' हा सल्ला डायलिसिसच्या आधीचा. डायलिसिस लागलं की तो उलटतो, आणि हे घरातल्या मोठ्यांना पटवणं सगळ्यात कठीण. अमेरिकेतल्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला साठ-बहात्तर ग्रॅम. आपण आजाऱ्याला प्रेमानं उकड्या तांदळाची पेज देतो, वर लोणच्याची फोड. त्या वाडग्यात प्रथिनं जेमतेम दोन-तीन ग्रॅम, मीठ मात्र भरपूर! शंभर ग्रॅम ताज्या माशात अठरा-वीस ग्रॅम मिळतात, दोन अंड्यांच्या पांढऱ्यात सातेक.

श्रावणात तर आपल्याकडे चवथीपर्यंत नुस्तेही नाही, अंडंही नाही. बाबा पाळणारे असतील तर पनीर, दही, मुगाची डाळ आहारतज्ज्ञाकडून मोजून घ्या, नाहीतर त्या महिन्यात आणखी ढासळतील. जेवणातला फॉस्फरस रोखणाऱ्या गोळ्या जेवतानाच द्यायच्या, नंतर नव्हे.

सुकी मासळी, खारं बंद. शहाळं नको, पोटॅशियम चढतं. साखर अचानक उतरली तरी संत्र्याचा रस किंवा शहाळं नको, साधी साखर पाण्यातून द्या. आणि परसात करमल (स्टारफ्रूट) असेल तर बाबांना एक फोडही नको. डायलिसिसवाल्यांना त्यातलं विष थेट मेंदूला बाधतं. न थांबणाऱ्या उचकीपासून सुरुवात होते आणि जिवावर बेततं. लोणच्यातलंही नको.

नुसतं खाऊन मांस धरत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, झेपेल तेवढी, डायलिसिस नसलेल्या दिवशी करून घ्या. मात्र पायाला जखम असेल, किंवा मांडीत कॅथेटर (डायलिसिसची नळी) असेल तर आधी विचारा.

पुढच्या खेपेला तीन दिवसांचं खाणं वाट्यांच्या हिशेबात वहीत लिहून न्या. त्यातला एक दिवस डायलिसिसचा असू दे. त्या दिवशी सकाळी इन्सुलिन किती द्यायचं, हे वेगळं विचारा. डायलिसिसच्या ठिकाणी खायला देत असतील तर काय न्यावं तेही विचारा. काही जणांचं खाल्ल्यावर बीपी पडतं, म्हणून आपल्या मनानं डबा उघडू नका.