वाचकांचे प्रश्न : दुपारीच का पडते एमसीबी?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात मी राहत्या घराच्या पुढच्या खोलीत ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे काम करतो. खोलीत दोन संगणक, एक लेझर प्रिंटर आणि कूलर आहे. पत्नी शिवणकाम करते, तिची इस्त्रीही त्याच बोर्डावर लागते. हिवाळ्यात काही त्रास नव्हता. एप्रिल लागल्यापासून मात्र दुपारी अर्ध्या-पाऊण तासाने त्या खोलीची 6 अँपिअरची एमसीबी (भार वाढला की वीज आपोआप तोडणारे बटण) पडते आणि भरत आलेला अर्ज जातो. एमसीबीचा डबा बाहेर ओसरीत, टिनाखाली आहे. वायरमनचे म्हणणे असे की, संगणक साडेचारशे-साडेचारशे वॅटचे आहेत, तेव्हा 16 अँपिअरची एमसीबी टाकू. टाकावी काय?

उत्तर : टाकू नये. एमसीबी संगणकासाठी नसते, भिंतीतल्या तारेसाठी असते. तार जेवढा प्रवाह न तापता वाहू शकते, त्याच्या आत एमसीबीने तोडले पाहिजे. आपल्या खोलीतील तार दीड एमएमची, म्हणजे 1.5 चौरस मिमी तांब्याची असेल, तर फार तर 10 अँपिअरची एमसीबी चालेल. जुन्या घरात बरेचदा एक एमएमचीच तार निघते. अशा तारेवर 16 ची बसवली, तर एमसीबी पडणे थांबेल खरे, पण तापण्याचे काम तिच्याऐवजी तार करू लागेल, आणि तेही प्लास्टरच्या आत, आपल्याला न दिसता.

साडेचारशे वॅटचा हिशेबही बरोबर नाही. एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्यावर, छापलेला तो आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती शक्ती पुरवू शकतो याची मर्यादा आहे. अर्ज भरण्याच्या कामात साधा संगणक मॉनिटरसह साधारण 80 ते 150 वॅट घेतो. खात्री करायची असल्यास घरातील बाकी सर्व बंद करून एकच संगणक सुरू ठेवावा आणि विजेच्या मीटरवरचा लाल दिवा 6 मिनिटांत किती वेळा लुकलुकतो ते मोजावे. एका युनिटला किती लुकलुक हे मीटरवरच छापलेले असते. तो आकडा 3200 असेल आणि आपण 38 मोजले, तर संगणक सुमारे 120 वॅट घेतो असे समजावे.

आता बेरीज करू. 6 अँपिअर गुणिले 230 व्होल्ट म्हणजे 1380 वॅट. दोन संगणक 240, कूलर 200, पंखा आणि दिवे मिळून 100, आणि इस्त्री 1000. एकूण 1540 वॅट, म्हणजे 6.7 अँपिअर. एवढ्या किंचित जास्त भाराने एमसीबी लगेच पडत नाही. तिच्यातील दोन धातूंची पट्टी हळूहळू तापून वाकते, म्हणूनच आपला अर्धा-पाऊण तास जातो. (शॉर्ट सर्किट असते तर बटण वर करताच पुन्हा खाली आले असते.) त्यात लेझर प्रिंटर शाई कागदावर भाजून बसवण्यासाठी काही सेकंद आठ-नऊशे वॅट ओढतो, छपाईच्या सुरुवातीला पंखा क्षणभर मंदावतो तो यामुळेच. ओल्या सुती कापडावर इस्त्री चालू असेल, तर तिचा थर्मोस्टॅटही फारसा बंद होत नाही.

हिवाळ्यात मग का पडत नव्हती? तेव्हा कूलर नव्हता, हे एक कारण. दुसरे कारण माझ्या मते अधिक महत्त्वाचे आहे आणि ते आपल्या ओसरीत आहे. एमसीबीची क्षमता सामान्यतः 30 अंश सेल्सिअस तापमान धरून ठरवलेली असते. मे महिन्यात आपल्याकडे सावलीत पारा 45 च्या आसपास असतो; तापलेल्या टिनाखालच्या बंद डब्यात तो त्याहून बराच वर जातो, आणि ती पट्टी आधीच थोडी वाकलेली असते. बनावटीनुसार तिची क्षमता दहा-पंधरा टक्क्यांनी घटते, म्हणजे आपली 6 ची एमसीबी दुपारी जेमतेम पाचाचीच उरते.

करायचे ते असे. इस्त्रीसाठी मुख्य बोर्डापासून अडीच एमएमची वेगळी तार ओढून 16 अँपिअरचा प्लग आणि त्याची स्वतंत्र एमसीबी घ्यावी. इथे 16 ची योग्य आहे. त्यापूर्वी वीजबिलावरील मंजूर भार पाहून घ्यावा. डबा घरात, सावलीच्या भिंतीवर आणावा. डबा उघडलाच आहे, तर वायरमनला सर्व स्क्रू आवळायला सांगावे, कारण ढिल्या स्क्रूपाशी तार तापते आणि ती उष्णता एमसीबीत जाऊन ती विनाकारण पडते. कूलरचे पाणी आणि वीज जवळजवळ असतात, तेव्हा अर्थिंग तपासून 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे उपकरण) ही बसवून घ्यावी.

अर्ज जाऊ नये म्हणून संगणकांना यूपीएस घ्यावा. 600 व्हीएचा साधा यूपीएस साधारण 360 वॅट देतो, दोघांना पुरेल. प्रिंटर मात्र त्यावर लावू नये. नवी तार पडेपर्यंत इस्त्री सकाळी आटोपावी, किंवा स्वयंपाकघरात 16 अँपिअरचा वेगळा प्लग असेल तर तिथे करावी.