डिनर सेट की सुटी ताटं?

प्रश्न: ताई नमस्कार, सूनबाईच्या आवडीने मेलामाईनचा डिनर सेट आणला, दिसायला फार छान आहे पण शेवभाजी वाढली की रस्सा पार कडेपर्यंत पळतो, भाकरी चुरायला जागा नाही, वाट्या एवढ्याशा की ह्यांना एका जेवणात चारदा वाढावं लागतं आणि हळदीचे डाग तर घासून घासून पण जात नाहीत. आता काय घ्यावं? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर: मावशी, तुमचं वाढणं बरोबर आहे, ती प्लेटच आपल्या जेवणाची नाही. चपटी मधली जागा आणि रुंद पसरट कड हे काटा-सुरीच्या जेवणाचं माप. आपण हाताने चुरतो, कालवतो, वरण-बट्टी असो की कळण्याची भाकरी, त्याला मधे सपाट मोकळी जागा आणि भोवती पेरभर उभा काठ हवाच, घास गोळा करताना बोटं त्याच काठाला टेकतात. आजीचं पितळी ताट आठवा, तो काठ शोभेसाठी नव्हता.

आणि सेट घेऊच नका असं मी मनापासून सांगते. सेटमध्ये अर्धी भांडी आपल्या कामाची नसतात आणि एक फुटलं की जोडी मिळत नाही. फिनलंडचे डिझायनर काई फ्रांक यांनी हेच ओळखलं होतं, त्यांची किल्टा भांडी अराबिया कंपनीने १९५३ साली काढली, नक्षी नाही, एकावर एक नीट बसणारी आणि सुटी विकत मिळणारी, म्हणजे ज्याला जे लागतं तेवढंच त्याने घ्यावं. आपल्या घरात पण हेच चालतं ना, चार माणसांना चार ताटं पण वाट्या दहा-बारा लागतात, कढीला वेगळी, रस्स्याला वेगळी, भरीत मात्र ताटातच.

ताटं स्टीलची घ्या, जाड पत्र्याची. वाटी घेताना काठ बाहेर वळलेला बघा, पातळ स्टील गरम रश्श्याने लगेच तापतं आणि वळलेला काठ असला की उचलायला पकड मिळते, जास्त चटका नको असेल तर दुहेरी भिंतीची वाटी मिळते, मधे हवा असते म्हणून बाहेरून कमी तापते. दुकानात वाटीत पाणी भरून ताटात ठेवा आणि ताट एका हाताने उचलून बघा, डुगडुगली तर नको. चिनी मातीचं काही घेतलं तर बुडाच्या कडेवरून बोट फिरवा, खरखरीत लागलं तर एकावर एक रचल्यावर खालच्या भांड्यावर ओरखडे पडतात. आणि हो, जाण्याआधी घरची मांडणी किती खोल आहे ते मोजून घ्या, हे आपण सगळे विसरतो.

मेलामाईनमध्ये हळद मुरणारच, आणि ते मायक्रोवेव्हमध्ये अजिबात ठेवू नका. तो सेट फराळाला, सुक्या खाण्याला ठेवा, चिवडा-शेव द्यायला चांगला आहे.