घोडी आणण्याआधी

प्रिय पोरी,

तू पाठवलेले फोटो काल रात्री पुन्हा पुन्हा पाहिले. वरातीची, उपासमार झालेली पांढरी घोडी, कपाळावर अजून गोंड्यांच्या पट्ट्याची खूण, आणि मागून काढलेल्या फोटोत माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना खड्डे. मालक द्यायला तयार आहे आणि रविवारी टेम्पो ठरलाय, हे ऐकून फार बरं वाटलं. 'चंदीला काय काय आणून ठेवू?' असं विचारलंस, त्याचं उत्तर आधी देतो. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, आणू नकोस. पहिले दहा दिवस हरभरा नको, भरडा नको, कोंडा नको, गूळ तर अजिबात नको.

हे मी एक घोडा गमावून शिकलो. टांगा बंद पडल्यावर मालकाने मोकळा सोडलेला तो घोडा उकिरड्यावर कागद चघळत असायचा. आम्ही त्याला घरी आणलं. सगळ्या घराचा जीव तुटत होता. हरभऱ्याचा भरडा, गव्हाचा कोंडा आणि वर गुळाचा खडा. घमेलं चाटूनपुसून लख्ख करायचा आणि मान वर करून अजून मागायचा. तीन दिवस आम्ही आनंदात होतो. चौथ्या दिवशी सकाळी मांड्या थरथरायला लागल्या, काखेत घाम, श्वास भरभर. दुपारी बसला तो उठलाच नाही. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "खायला काय दिलंत?" संध्याकाळी तो गेला.

त्याच्या पोटात काय झालं ते मला डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं, तेच तुला सांगतो. उपाशी जनावर आधी अंगातली चरबी जाळतं, मग स्नायू. फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम या क्षारांचा साठाही तळाला जातो. अशा वेळी पिठूळ, गोड खाणं पोटात गेलं की इन्शुलिन एकदम वाढतं आणि रक्तात उरलेसुरले क्षार पेशींमध्ये ओढले जातात. रक्तात काही उरत नाही. हृदय, श्वास, नसा यांचं काम बिघडतं. हे बहुधा खाणं सुरू केल्यावर तिसऱ्या ते पाचव्या दिवसात होतं, म्हणजे आपण 'आता सावरला' म्हणत असतो नेमकं तेव्हा.

अमेरिकेत डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात उपासमार झालेल्या घोड्यांना वेगवेगळं खाणं देऊन पाहिलं गेलं. त्यात वाळवलेला लसूणघास सगळ्यांत चांगला ठरला. पीठ-साखर कमी, प्रथिनं भरपूर आणि फॉस्फरस-मॅग्नेशियमही त्यातच. त्यांचं वेळापत्रक मोठ्या घोड्यासाठी असं आहे: पहिले तीन दिवस दर चार तासांनी अर्धा किलोच्या आत, म्हणजे दिवसाला पावणेतीन किलोच्या आसपास. चौथ्या दिवसापासून थोडं थोडं वाढवत आणि वेळा कमी करत सहाव्या दिवशी तीन वेळांत मिळून सहा किलो. दहाव्या दिवसानंतर ती खाईल तितकं. तुझी घोडी लहान चणीची दिसते, डॉक्टर हे माप आणखी कमी करतील. हे सगळे आकडे वाळलेल्या घासाचे आहेत हे विसरू नकोस. आपल्याकडे बाजारात घास हिरवा मिळतो, त्यात पाऊण भाग पाणीच असतं.

'दर चार तासांनी' म्हणजे रात्री दहा, दोन आणि पहाटे सहालासुद्धा. रात्री मोठी पेंढी टाकून झोपायचं नाही. ती तुझ्याकडे बघेल, खुराने जमीन उकरेल, बादली पाडेल. तुला रडू येईल. तरी अर्धा किलोच. पाणी मात्र कायम स्वच्छ आणि भरलेलं, आणि शेजारी सैंधवाचा खडा.

येईल त्या दिवशी तिचं वजन काढ. काटा लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घे. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घे. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १४० आणि लांबी १३० आली तर वजन साधारण २१५ किलो. दर रविवारी त्याच जागी टेप लावून वहीत लिही. डोळ्यांवर भरवसा ठेवू नकोस, रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही.

पोटावरही जाऊ नकोस. फोटोत तिचं पोट हंडीसारखं दिसतं म्हणून तुझा भाऊ म्हणाला ना, 'एवढी काही वाळलेली नाही'? ते पोट निकस काडाचं आणि जंतांचं असतं. हाताने चाचपून बघ: मान, मानेच्या मुळाशी पाठीवरचा उंचवटा, खांद्यामागची जागा, बरगड्या, कंबर, शेपटीचं मूळ. १९८३ मध्ये हेनेके यांनी याच सहा जागा धरून घोड्याच्या अंगलटीला १ (नुसता सापळा) ते ९ (फार लठ्ठ) गुण द्यायची पद्धत बसवली, ती जगभर वापरतात. तुझी घोडी मला फोटोवरून १ आणि २ च्या मध्ये वाटते. तिला ५ पर्यंत यायला सहा ते दहा महिने लागतील. घरच्यांना हे आत्ताच सांगून ठेव.

जंताचं औषध पहिल्याच दिवशी द्यायची घाई करू नकोस. जंत फार असले आणि सगळे एकदम मेले तर अशक्त आतड्याला ते झेपत नाही, पोटशूळ उठतो. आधी लीद तपासायला दे, मग औषध कधी आणि कोणतं ते डॉक्टर ठरवतील. रक्त मात्र लगेच तपासायला द्यायचं, सर्रा आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या रोगांसाठी. ग्लँडर्स माणसालाही होतो, म्हणून अहवाल येईपर्यंत तिचं ठाण, बादली, खरारा सगळं वेगळं आणि तिला हात लावला की साबणाने धुवायचं. धनुर्वाताच्या लशीचं विचार. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात जखमा आहेत. त्या काटेरी लगामाच्या आहेत. तसा लगाम वापरायला ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांवरची क्रूरता रोखण्याच्या १९६५ च्या नियमांनीच मनाई आहे, तरी वरातीत घोडी नाचवायला सर्रास घालतात. तिच्या तोंडात सध्या काहीही घालू नकोस, साधी मोरकी पुरे.

ती खाताना खाली बघत राहा. अर्धवट चावलेल्या गवताचे ओले गोळे, लिंबाएवढे, तोंडातून पडत असतील तर दाढांना धार आली आहे. घोड्याच्या दाढा आयुष्यभर वर येत राहतात, कडेने टोकदार होतात आणि गाल-जीभ कापतात. कानशीने घासून घ्याव्या लागतात. पण तेही ती जरा सावरल्यावर, कारण त्याला गुंगी द्यावी लागते. खुरांचं तसंच. नालबंदाला बोलव, जुने नाल काढू दे, पण एका दिवसात खूर सरळ करायला लावू नकोस. आणि पांढऱ्या घोड्यांना वयानुसार शेपटीखाली काळ्या गाठी येतात, दिसल्या तर घाबरू नकोस, डॉक्टरांना दाखव.

मालकाबद्दल तू फार कडक लिहिलंस. राग मी समजू शकतो. पण त्याचं गणितही बघ. सारंगखेड्याच्या यात्रेत कर्ज काढून घोडी घेतली. लग्नसराईत एका वरातीचे पैसे मिळतात. आषाढी एकादशी झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत चार महिने एकही वरात नाही आणि घोडीला रोज खायला लागतंच. उपासमार झाली ती या चार महिन्यांत. त्याने केलं ते चूकच. पण त्याच्याशी भांडून आलीस तर तो उद्या दुसरी घोडी घेईल आणि तुला कळवणार नाही. घोडी तुझ्या स्वाधीन केल्याचं साध्या कागदावर लिहून घे, दोन साक्षीदारांच्या सह्या घे आणि त्याला चहा पाज. तिचं नाव, तिचं वय, ती कधी व्यायली, कशाला बिचकते, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही. सगळं विचारून घे.

टेम्पोत खाली वाळू आणि त्यावर काड पसरायला सांग, ओल्या पत्र्यावर ती घसरेल. दुपारी नको, पहाटे निघा. वाटेत दर दोन तासांनी थांबून पाणी दाखव. घरी आल्यावर अंघोळ नको, हार नको, शेजारपाजारच्यांना दोन दिवस लांब ठेव. बसली आणि उठेना झाली तर वाट बघायची नाही, लगेच डॉक्टरांना फोन, आणि ते येईपर्यंत खाली जाड काड आणि छातीवर बसती राहील असा दोन्ही बाजूंनी पोत्यांचा टेकू.

या पावसात तुझ्याकडे घास वाळणार नाही. माझ्या माळ्यावर उन्हाळ्यात वाळवलेला आहे, पानं न झडलेला. शनिवारी संध्याकाळी चार पोती घेऊन येतो, वजनकाटाही आणतो. पहिल्या तीन रात्रींची दोनची पाळी माझी. तू दहाची घालून झोप, सहाला ऊठ.

तुझा,
काका