कण्हेरीवरचा हिरवा हॉकमॉथ पतंग शोधताय?

अरे, आधी पतंग शोधूच नकोस, अळी शोध. कण्हेर, तगर नाहीतर सदाफुलीखाली जाडसर काळपट लेंड्या दिसल्या की वर बघायचं, बोटाएवढी हिरवी अळी पानाला चिकटलेली असते, शेपटाकडे छोटं शिंग, आणि डिवचलं की डोकं आत ओढते मग दोन निळे डोळ्यांसारखे ठिपके असे फुगून समोर येतात की बास! ते डोळे खोटे बरं का. अळी तपकिरी पडून खाली उतरू लागली तर घाबरू नकोस, आजारी नाहीये, कोषात जायची तयारी आहे, सुका पालापाचोळा दे. पतंग दिवसा गप्प बसतो, हिरव्या-गुलाबी नक्षीमुळे पानांत दिसतच नाही, संध्याकाळी मात्र सुवासिक फुलांसमोर हवेत थांबून मध पितो. कण्हेरीचा चीक विषारी, हात धू.