डायनासोरच्या पाऊलखुणा शोधायच्यात? आधी एवढं बघ

बोरिवलीच्या जंगलात पाऊलखुणा शोधायचा उत्साह मस्त आहे, पण त्यासाठी तिथे पायपीट नको. मुंबईचा काळा खडक म्हणजे थिजलेला लाव्हा. ठसा उमटायला ओला गाळ लागतो. वरळीला बेडकांचे जीवाश्म मिळाले, तेही लाव्हाच्या थरांमधल्या गाळातच. पाऊलखुणा बघायच्या तर जैसलमेरकडचे ज्युरासिक, म्हणजे डायनासोरच्या काळातले, गाळाचे खडक.

नवख्यांची ठरलेली चूक: दिसला खळगा की म्हणे पाऊल!

- एकट्या खळग्यावर भाळू नकोस. डावं-उजवं असा माग लागतो का बघ. मांसाहारींच्या ठशात बहुधा तीन बोटं दिसतात.
- फोटो सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, शेजारी मोजपट्टी ठेवून. भर दुपारी ठसा सपाट दिसतो.
- छिन्नी-हातोडा घरीच.

नावं-जातींचं नंतर बघू. पहिल्या फेरीत फोटो आणि जागेची नोंद जमली तरी झकास.