कापडी रक्तवाहिनी : 'लवचिक' की 'स्थितिस्थापक'?

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी अभियांत्रिकीला आहे आणि डेक्रॉनच्या, म्हणजे पॉलिएस्टरच्या धाग्याच्या, कृत्रिम रक्तवाहिन्यांची इलॅस्टिसिटी मोजते आहे. प्रकल्पाच्या मराठी सारांशात 'लवचिकता' लिहावं की 'स्थितिस्थापकता'?

ताई, इथं दोन्ही शब्द दगा देतात.

'लवचिक'चं नातं लवण्याशी, म्हणजे वाकण्याशी. वेताची छडी लवते. डेक्रॉनच्या नळीला पेटीच्या भात्यासारख्या चुण्या असतात, त्यामुळे ती वळवली तरी मुडपत नाही आणि लांबीत ताणली जाते. त्या अर्थी ती लवचिक आहेच. पण खरी धमनी दर ठोक्याला घेरात किंचित वाढते आणि पुन्हा आवळते. कापडी नळीला नेमकं तेच फारसं जमत नाही. मऊ धमनीला अशी ताठर नळी जोडली की जोडापाशी आतलं अस्तर जाड होऊन वाट अरुंद होण्याचा धोका असतो. म्हणून तर ही मोजणी करायची.

'स्थितिस्थापक' म्हणजे मूळ स्थितीला परतणारा. पण रबरापेक्षा पोलाद अधिक स्थितिस्थापक, असं आपण शाळेत शिकलो ते आठवा. स्थितिस्थापकतेचा गुणांक ताणाला होणारा विरोध सांगतो. त्या हिशेबानं जितकी ताठर नळी, तितकी ती 'जास्त स्थितिस्थापक' ठरेल, आणि वाचणारा उलटाच अर्थ घेईल.

मुलगी बहुधा नळीतला दाब ८० वरून १२० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत नेऊन व्यास किती वाढला ते पाहत असेल. समजा १० मिलिमीटरचा १०.२ झाला, तर दाबाच्या ४० मिलिमीटरमागे २ टक्के, म्हणजे १०० मागे ५ टक्के. याला इंग्रजीत कम्प्लायन्स म्हणतात. कोशातला 'अनुपालन' इथं नको, ते नियमांचं होतं. 'फुगवटा' तर मुळीच नको, कारण धमनीचा फुगवटा हा आजार आहे आणि अशी नळी अनेकदा त्याच्यासाठीच बसवतात. मी 'प्रसरणशीलता' लिहीन, आणि पहिल्यांदा येईल तिथं 'दाबागणिक घेर वाढण्याचं प्रमाण' असा खुलासा देईन.

न विचारलेली एक गोष्टही सांगतो, कारण मला ती याहून महत्त्वाची वाटते. सारांशात नुसतं 'विणलेली नळी' लिहू नये. भिवंडीच्या यंत्रमागावरचं कापडही आपण विणलेलंच म्हणतो आणि आजीचा स्वेटरही. मागावरचा ताणा-बाणा घट्ट बसतो, फारसा ताणला जात नाही. सुयांच्या टाक्यांची वीण मात्र ओढली की ताणली जाते. नळ्याही या दोन्ही प्रकारांच्या असतात, आणि घेर किती वाढेल ते बरंचसं विणीवरच ठरतं. तेव्हा 'मागावर विणलेली' की 'टाक्यांनी विणलेली', हे प्रत्येक आकड्याशेजारी लिहायला सांगा.