मालवाहू ट्रेलरचा कॅम्पर करताना

प्रश्न : बंदिस्त मालवाहू ट्रेलर घेऊन दोघांसाठी कॅम्पर, म्हणजे प्रवासात राहायची-झोपायची सोय असलेला ट्रेलर, करायचा आहे. निवडताना काय पाहावे?

उत्तर : सर्वांत आधी आतली उंची. तळाला आणि छताला इन्सुलेशन व प्लायवूड बसवले की सुमारे १० सेंटीमीटर जातात आणि उंची नंतर वाढवणे फार खर्चाचे. मग ट्रेलरवरच्या उत्पादकाच्या पाटीवर दिलेल्या कमाल एकूण वजनातून रिकामे वजन वजा करा. फर्निचर, बॅटऱ्या, पाणी सगळे त्या फरकात बसायला हवे. १०० लिटर पाणी म्हणजेच १०० किलो! ट्रेलर गाडीला जिथे जोडतात त्या पुढच्या जोडावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा. तो कमी पडला तर वेगात ट्रेलर डोलतो आणि ते खरोखर धोक्याचे आहे. म्हणून पाण्याची टाकी मागच्या टोकाला नको, अ‍ॅक्सलजवळ (चाकांच्या आसाजवळ) ठेवा. ट्रेलर जुना असेल तर तळाच्या प्लायवूडचे कोपरे स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. मऊ लागले तर पाणी मुरलेले आहे.